इंझोरीच्या माळावर स्वस्तातला ट्रॅप कॅमेरा

सुजाताने फोनवर थोडक्यात सांगितलं. शेताशेजारच्या माळावर लांडगीने यंदाही पिल्लं घातली आहेत, आणि शेतात गंगूबाई धनगरणीच्या मेंढ्या बसल्या आहेत. "कोकरं जाऊन राह्यली. गंगूबाई म्हणते लांडगा, मी म्हणते कुत्री. फोटो पाहिजे. कॅमेरा घेऊन ये, पण स्वस्तातला. महागाचा मले झेपत नाही."

सुजाता माझी वसतिगृहातली मैत्रीण. मानोऱ्याला शाळेत शिकवते. शेत वडिलांचं, इंझोरीच्या शिवारात. ते बीळ तिला वडिलांनीच लहानपणी लांबून दाखवलं होतं. तेव्हापासून ती दर हिवाळ्यात ते लांबूनच पाहत आली आहे.

ट्रॅप कॅमेरा म्हणजे झाडाला बांधायची एक पेटी. समोर उबदार अंगाचं काही हललं की ती आपोआप फोटो काढते. खोक्यावर मेगापिक्सेल मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. त्यांना भुलू नका. दोन गोष्टी पाहा. रात्रीचा दिवा लाल दिसतो की अजिबात दिसत नाही, आणि हालचाल झाल्यापासून फोटो निघेपर्यंत किती वेळ जातो. पाच हजारांच्या आत दोन्ही चांगलं मिळत नव्हतं. लांडगी बुजू नये म्हणून मी न दिसणाऱ्या दिव्याचा घेतला. फोटो निघायला त्याला सेकंदभर लागतो. मला ते चालण्यासारखं वाटलं.

पुण्याहून रात्रीच्या बसने वाशिम. तिथून एसटीने मंगरूळपीर. स्टँडवर तर्री पोहे खाल्ले, ते चांगले होते. पुढे मानोऱ्यापर्यंतचा रस्ता काही ठिकाणी उखडलेला आहे. दोन्ही बाजूंना हरभरा पिवळा पडत आला होता, तूर निघून गेलेली. राहायला हॉटेल शोधत बसू नका, ओळखीचं घर शोधा. सुजाताच्या आईने भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा वाढला. ठेच्यापुढे मी हरले, तेव्हा म्हणाली, "पुण्यात मिरची साखरेत घोळून खातात काय माय?"

दुपारी शेतात गेलो. मेंढ्या बसवणं म्हणजे पीक निघालेल्या रानात कळप मुक्कामाला ठेवणं. शेतकऱ्याला लेंडीखत, धनगराला धान्य. गंगूबाई आणि तिचा नवरा सोनाजी दरवर्षी सुजाताकडे येतात. गंगूबाई एका कोकराला बाटलीने दूध पाजत होती. त्याच्या कानावर गेरूचा ठिपका होता. तिच्या सगळ्या कोकरांना तो असतो.

"या पेटीत लांडगा सापडते का?" तिने विचारलं.

"फोटो सापडतो, मावशी."

"फोटोले काय चाटू?"

सोनाजी हसला. सुजाता हसली नाही. "मावशी, अन् कुत्रं निघालं तर?"

"तर बिळाले हात नाई लावत. माया मेंढ्यायची आन. पण कुत्रं दिसलं पाह्यजे. नाई दिसलं तर मंग तू मधात येऊ नको, मॅडम."

मधे न येण्यासारखी गोष्ट काय, ते मला ठाऊक होतं. बिळाच्या तोंडाशी ओला पाला पेटवून धूर आत सोडायचा, मग तोंड दगडांनी बुजवायचं. वनरक्षक येऊन कायदा सांगून गेला होता. सोनाजीने मान डोलावली होती.

"आमी काय हौसेनं करतो का?" तो आता म्हणाला. "एक कोकरू वाढवाले बाईचा जीव जाते, मॅडम. तुमी खुर्चीवर बसून लांडगा पाह्यता."

कॅमेरा सुजाताच्या बांधावर लावला. वनखात्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय लावू नये. तिथे बाभळीचं एकच झाड होतं आणि पायवाट त्याच्यासमोरून आडवी जात होती. जमलं तर कॅमेऱ्याचं तोंड वाटेच्या दिशेने ठेवा, म्हणजे जनावर समोरून चालत येतं आणि चौकटीत जास्त वेळ राहतं. आडवं गेलं की निसटतं. आमच्यापुढे दुसरं झाड नव्हतं. गुडघ्याएवढ्या उंचीवर पट्टा आवळला, समोरचं गवत उपटलं, आणि घरी आलो.

सकाळी आणखी एक कोकरू कमी होतं.

कार्ड मोबाइलला जोडलं. आम्ही चौघं वाकून पाहत होतो. हलणारी एक मेंढी. ससा. पदर डोक्यावर घेऊन जाणारी गंगूबाई. मग चौकटीच्या डाव्या कडेला एक मागचा पाय आणि शेपूट. शेपूट सरळ, खाली. पुढच्या फोटोत नुसती जमीन.

"लांडगा," सोनाजी म्हणाला.

"पळतं कुत्रंही शेपूट असंच धरते," सुजाता म्हणाली.

गंगूबाईने माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुमी सांगा. पेटी तुमची."

"यातून सांगता येत नाही."

"लांडगा नाई, असं म्हणता का?"

"तसंही म्हणता येत नाही."

ती उठली. सुजाता म्हणाली, "दुपारपर्यंत थांब मावशी. मी तांड्यावरची कुत्री पाहून येते." गंगूबाई काहीच बोलली नाही. तो होकार आहे असं आम्ही धरलं.

तांडा म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती, ती टेकाडापलीकडे आहे. बहुतेक घरांना कुलपं होती. माणसं ऊसतोडीला गेलेली. एक म्हातारा बाजेवर बसला होता. आजूबाजूला कुत्री पडली होती. फासळ्या मोजता आल्या असत्या.

"कोणाची हायत?" सुजाताने विचारलं.

"होती ज्याची त्याची. माणसं गेली कारखान्याले. कुत्र्याले कोण नेते गाडीत?"

"खातात काय?"

"आता मले काय विचारतं बाई? मीच काय खातो ते विचार."

एका बंद घरामागे लोकर पसरली होती. त्यात एक कान होता. कानावर गेरूचा ठिपका. मी मोबाइलने फोटो काढला. या वेळी सगळं चौकटीत आलं.

आम्ही जवळजवळ पळत परतलो. टेकाडावर आलो तेव्हा माळावरून धूर जात होता, विरळ. जाळ विझत आला होता. बिळाचं तोंड दगडांनी भरलेलं होतं आणि सोनाजी हाताला माती चोळत होता.

सुजाताने मोबाइल गंगूबाईपुढे धरला. तिने तो हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला.

"हे मायंच हाय," ती म्हणाली. मग सुजाताला म्हणाली, "मंग सकाळी काहून नाई दाखवलं?"

दगड आम्ही दोघींनी काढले. सुजाता पालथी पडली आणि हात पुरेल तितका आत घातला. थोड्या वेळाने म्हणाली, "पुरे." हात बाहेर काढून तिने मातीत पुसला. दगड तिने परत लावले.

तिनेच वनरक्षकाला फोन केला. तो येईपर्यंत कळप गेला होता. त्याने पंचनामा केला. सुजाताने दोघांची नावं सांगितली. सांगताना तिचा आवाज बदलला नाही.

मी पुण्याला परतले. कोणता कॅमेरा घ्यावा, असं तुम्ही विचारता. पक्षी किंवा पाणवठा पाहायचा असेल तर स्वस्तातला पुरतो. त्याच्या फोटोवर कोणाचं काही ठरणार असेल, तर वेगवान घ्या. तो परवडत नसेल तर फोटो दाखवण्याचं कबूल करू नका. मला इतकंच कळलं आहे.

कॅमेरा सुजाताने ठेवून घेतला. वनरक्षकाला विचारून तिने बिळासमोर एक खुंट ठोकला आणि तो त्याला बांधला.  गेल्या आठवड्यात तिने फोटो पाठवले, एकापाठोपाठ एक. पहिल्यात लांडगी दगडांसमोर उभी आहे. दुसऱ्यातही तशीच. पुढच्या सगळ्यांत ती नाकापासून शेपटीपर्यंत पूर्ण दिसते. कॅमेरा संथ असून काही बिघडलं नाही. ती जागची हललीच नव्हती.