तारामतीचा तांब्या

'किळस' हा शब्द मी आयुष्यात फारसा वापरलेला नाही. वडील रेल्वेत असल्यामुळे माझं शिक्षण सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात झालं, आणि तिथल्या नन्स नाक मुरडणाऱ्या मुलीला वर्गाबाहेर उभं करत. पण लातूरच्या त्या तळघरात मी तीन रविवार बसले आणि तिन्ही रविवारी डायरीत लिहायला दुसरा शब्द सापडला नाही.

मी नांदेडला राहते. यजमान गेल्यापासून उन्हाळ्यात महिनाभर लातूरला मुलाकडे, आनंदराजकडे, येते. त्याला दोन मुलगे, एक आठ वर्षांचा, एक दहाचा. बाहेर बेचाळीस अंश ऊन, म्हणून दर रविवारी दुपारी त्यांना तिथं न्यायचं ठरलं. वर तीन मजले कोचिंग क्लासचे, खाली हे खेळघर. भिंतीवर चढायचं, जाळीवर उड्या मारायच्या, प्लास्टिकच्या हिरवळीवर चेंडू मारायचा. खिडकी एकही नाही. रबरी ठिपक्यांचे मोजे घातल्याशिवाय आत सोडत नाहीत. शेकडो पायांचा घाम, फिनाइल आणि पॉपकॉर्नचं लोणी यांचा जो वास तिथं होता, तो घरी आल्यावर माझ्या पदरालाही यायचा.

सगळ्यात ओंगळ होता तो भिंतीवरचा विजेचा फळा. शर्यतीत मुलांची नावं त्यावर झळकायची, आणि जो शेवटी राहील त्याचं नाव लाल होऊन गाढव ओरडल्याचा आवाज यायचा. त्यावर मुलांपेक्षा त्यांचे बाप जास्त हसायचे.

मोजे वाटायला स्टुलावर तारामती बसायची. वय अठ्ठावन्न, गाव चाकूरकडचं. सुती साडीवर पंचांचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा टी-शर्ट चढवलेला, गळ्यात शिट्टी. पायाशी स्टीलचा तांब्या, त्यावर पेला उपडा. थंड पाण्याचं मशीन गिऱ्हाइकांसाठी होतं, नोकरांसाठी नव्हतं. पहिल्याच रविवारी मला चक्कर आल्यासारखं झालं तेव्हा तिनं त्या तांब्यातलं पाणी दिलं.

"घ्या बाई. ते मशीनचं पिऊ नका. त्याची टाकी कोण धुतंय, मला म्हाईत हाय."

"कोण धुतं?"

"कुणीच न्हाई."

तेव्हापासून मी तिच्या शेजारच्या बाकावर बसू लागले. मोज्यांच्या ढिगातून जोड्या लावता लावता ती बोलायची.

आधी चौदा वर्षं ती एका होस्टेलात कामाला होती. डॉक्टर व्हायला आलेली मुलं, एका खोलीत सहा.

"परीक्षा जवळ आली का अंथरूण ओलं व्हायचं बघा. सोळा-सतरा वर्षाची पोरं, मिशी फुटलेली. सकाळी गादीवरून उठायचीच न्हाईत. दुसऱ्यांनी बघू नये म्हणून पांघरूण घेऊन तसंच बसायचं."

"मग?"

"मग काय. झाडायला गेल्यावर तांब्या सांडायचे गादीवर. अय माय, सांडला की, म्हणायचे. पोरं हसायची. आंधळी मावशी आली म्हणायची. हसू द्या की. मला हसल्यानं माझं काय जातंय?"

"आणि ज्याची गादी असेल तो?"

"तो पन हसायचा," ती म्हणाली. "सगळ्यात मोठ्यानं."

पुढं होस्टेलात नवा रेक्टर आला. त्यानं गाद्यांवर नंबर घातले आणि ज्यांच्या गाद्या खराब झाल्या त्या मुलांची नावं जेवणाच्या हॉलमध्ये लावली. शिकलेला माणूस. तारामतीनं ती यादी फाडून खरकट्याच्या बादलीत टाकली. त्याच दिवशी तिला काढलं.

"दोन वर्सं घरी बसले. गुडघा हा असा. हे बी सुटलं तर आता कोण ठिवतंय, सांगा."

हे तिनं मला दुसऱ्या रविवारी सांगितलं. तिसरा रविवार १८ मेचा.

त्या दिवशी गर्दी फार होती. पाच वाजता कुणाच्या तरी वाढदिवसाची पार्टी होती, फुगे लावणं चाललं होतं. उंच चौथऱ्यावरून खाली स्पंजच्या ठोकळ्यांच्या खड्ड्यात उडी मारायची शर्यत सुरू होती. माझा एक नातू वर जाऊन उभा राहिला तो उभाच. फळ्यावर आकडे उलटे धावत होते.

"अरे मार ना उडी," आनंदराज माझ्या शेजारून ओरडला. "सगळ्यांच्या मागं राहायचं का? भित्रा कुठला."

शेजारचे दोन बाप टाळ्या वाजवून मोजू लागले. पाच, चार, तीन. मी आनंदराजची बाही ओढली. त्याला कळलंही नाही. नाव लाल झालं, गाढव ओरडलं, सगळं तळघर हसलं आणि मुलानं डोळे मिटून उडी टाकली.

तो बाहेर येईना. गळ्यापर्यंत ठोकळ्यांत रुतून बसला आणि चेहरा असा, की चौऱ्याहत्तर वर्षांत मी जे काही किळसवाणं पाहिलं त्यात तळघराच्या त्या हसण्याचा नंबर पहिला लावते.

तारामती उठली. तांब्या हातात घेऊन, गुडघा ओढत, ती खड्ड्याच्या कडेला गेली. "पाय अडकला का रं बाळा," असं म्हणत वाकली आणि अख्खा तांब्या तिनं त्याच्यावर पालथा केला.

"अय माय. सांडला की."

पुन्हा हशा झाला. या वेळी तिच्यावर. मुलगा चिंब होऊन वर आला आणि तोही हसला. सगळ्यात मोठ्यानं.

मी काठी टेकत उठले. काय झालं ते मला कुणी सांगायला नको होतं.

मॅनेजर पंचाक्षरी धावत आला. तिशीचा, अत्तरात भिजलेला. "मावशी, डोळे फुटले का? हे स्पंज वाळायला दोन दिवस लागतात. पाचला पार्टी आहे, मी काय सांगू त्यांना?"

"चुकून झालं, साहेब."

"शिट्टी काढून ठेवा. उद्यापासून येऊ नका."

तिनं शिट्टी काढली. माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही.

सूनबाई धम्मप्रिया भाचीच्या लग्नाला गेली होती, म्हणून नातवाला कपडे बदलायला मीच नेलं. दार लावल्यावर तो म्हणाला, "आजी, त्या मावशींच्या पाण्याच्या आधीच..."

"पाणी सांडलं," मी म्हटलं. "मी बघितलंय."

बाहेर आले तेव्हा तारामती टी-शर्ट घडी करून ठेवत होती. मी पंचाक्षरीसमोर उभी राहिले.

"त्यांची चूक नाही. नातवाला पाणी द्या म्हणून मीच त्यांना पाठवलं. वाटेत माझी काठी त्यांच्या पायात आली."

नन्सनी शिकवलेलं सगळं त्या दोन वाक्यांत मोडलं.

"आई, तू तर माझ्याशेजारी बाकावर होतीस," आनंदराज म्हणाला.

"तू वर बघून ओरडत होतास. माझ्याकडं कुठं बघत होतास?"

तो माझ्याकडं बघत राहिला. मग ओल्या केसांच्या मुलाकडं, मग रिकाम्या तांब्याकडं. त्याला किती कळलं ते मी विचारलं नाही. त्याची मान खाली गेली, एवढं पाहिलं.

"हो, काठी लागली," तो पंचाक्षरीला म्हणाला. "आमच्याच माणसाकडून झालं. मावशींना कशाला काढता?"

पंचाक्षरीचा आवाज लगेच मऊ झाला. त्या बदललेल्या आवाजाचीही मला किळस आली. "आजी, आधी सांगायचं ना. मावशी, घाला टी-शर्ट. पण तो तांब्या उद्यापासून आत आणायचा नाही."

"हाव साहेब," तारामती म्हणाली.

आम्ही निघालो तेव्हा मी तिच्याजवळ थांबले.

"तांब्या नाही तर आता काय कराल?"

"बाटली हाय की," ती म्हणाली, आणि मोज्यांच्या जोड्या लावू लागली.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो नाही. मुलांना नको होतं, आणि आनंदराजनंही आग्रह धरला नाही.

बावन्न वर्षं मी रोजची डायरी लिहिते. दूध किती वाजता आलं इथपासून सगळं त्यात असतं. १८ मेच्या पानावर शर्यतीची वेळ आहे, पंचाक्षरीचे शब्द आहेत, माझं खोटंही आहे. दोन नातवांपैकी कोण, ते मात्र तिथं नाही आणि इथंही नाही. त्या जागी मी लिहिलंय: दुपारी साडेतीन वाजता पाणी सांडलं.