पहिल्या घागरीचा मान

सत्काराची यादी करायला घेतली की किस्से आपोआप साठत जातात. ज्याच्या हातात यादी असते त्याला मात्र तेव्हा हसू येत नाही. निलंगा तालुक्यातल्या आमच्या गावात मी शाळामास्तर, म्हणून पाणी समितीचा सेक्रेटरीही मीच. उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा नवीन झाला होता, दुष्काळ मात्र जुनाच चालू होता. टँकर यायचा, गावविहिरीत पाणी ओतायचा आणि मग रांगेनं घागरी भरायच्या. रांग सांभाळणारे स्वयंसेवक मोजके. त्यातला एक जरी रुसला तर विहिरीवर डोकी फुटतील, याची मला कायम धास्ती. अशात सरपंचांनी ठरवलं, स्वयंसेवकांचा जाहीर सत्कार करायचा!

*

नावं मागवली तर अर्धं गाव स्वयंसेवक निघालं. किराणावाले वीरभद्रआप्पा म्हणाले, "मास्तर, माझंबी नाव घाला."

"आप्पा, तुम्ही विहिरीवर कधी आलात?"

"न्हाई आलो. तेवढीच गर्दी कमी केली की."

नाव घातलं. दोरखंड त्यांच्याच दुकानातून यायचे, त्यांना दुखवून कसं चालेल?

*

प्रमाणपत्रं छापून आली, त्यावर जिल्हा उस्मानाबाद. छापखान्यानं जुनाच ठोकळा वापरला होता. कार्यक्रम तासावर आलेला. मी घामाघूम होऊन एकेक खोडत बसलो. विहिरीवर दोर ओढणारे माणिकराव शेजारी येऊन बसले.

"ऱ्हाऊ द्या सर. त्या जिल्ह्यातबी पाणी मीच वढलंय."

*

सत्काराला आलेल्या प्रमुख पाहुण्यांपुढे पाण्याचा काठोकाठ भरलेला ग्लास ठेवला. त्यांनी एक घोट घेतला आणि भाषण सुरू केलं. सगळ्या गावाची नजर त्या ग्लासावर. पाहुण्यांना वाटलं भाषण रंगलंय, ते आणखी हातवारे करू लागले. त्यांचा कोपर ग्लासाला लागतो की काय, म्हणून माझा जीव टांगणीला लागलेला.

शेवटी माणिकराव स्टेजवर चढले. "साहेब, तुमचं चालू द्या," म्हणाले आणि उभ्या उभ्या ग्लास रिकामा केला. कार्यक्रमातल्या सगळ्यात जोरात टाळ्या तेव्हा पडल्या.

*

शाली वाटून झाल्या. सुटलो म्हणून मी खुर्चीत टेकलो, तेवढ्यात बायकांतून आवाज आला, "सर, कांताबाईचं नाव कुठं हाय?"

कांताबाई बौद्ध वस्तीतल्या. हातात काठी घेऊन रोज रांग लावायच्या त्या याच. त्या नसत्या तर रांग एक दिवस टिकली नसती. मी यादी केली होती मीटिंगच्या हजेरी रजिस्टरवरून. मीटिंग आम्ही टँकर आला की घ्यायचो, कारण तेव्हा सगळे आयते जमलेले असत. आणि नेमक्या तेव्हा कांताबाई विहिरीवर. त्यांची सही एकाही पानावर नव्हती.

शाल घेऊन त्यांच्या घरी गेलो. लाज वाटत होती, आणि उद्या त्या आल्या नाहीत तर काय, ही भीतीही होती.

"बाई, माझी चूक झाली."

"शाल नगं सर, ह्या उन्हात काय करू तिला? रांग लावणारानं शेवटी भरायचं, असा आपला नेम हाय. रोज तळाचं गढूळ येतंय माझ्या घागरीत. एक डाव मला पयली भरू द्या."

*

दुसऱ्या दिवशी कांताबाई रांगेत पहिल्या उभ्या, काठी माझ्या हातात. एकही बाई पुढं सरकली नाही. टँकर आला. पाणी धो धो विहिरीत कोसळलं आणि तळाचा सगळा गाळ ढवळून वर आला. कांताबाईंनी घागर सोडली, भरली, वर ओढली. कितीतरी वेळ आत बघत राहिल्या.

"सर," त्या म्हणाल्या, "पयल्यालाबी गढूळच हाय की."

घागर कडेला ठेवली, माझ्या हातातली काठी घेतली आणि रांगेकडं वळल्या.

"हं, दुसरी कोण हाय? या म्होरं."