माझी पोस्ट कुणी उडवली

सकाळी टाकलेली पोस्ट दुपारी गोठे फिरून येईपर्यंत गायब झाली होती. तिच्या जागी एक करडा चौकोन आणि खाली एक ओळ: ही पोस्ट आमच्या कम्युनिटी स्टँडर्ड्समध्ये बसत नाही. मी मोबाईल टेबलावर उपडा ठेवला आणि आधी चहा मागवला.

मी जनावरांचा डॉक्टर. सरकारी नोकरीतून रिटायर झाल्यावर मांडवगण फराट्यात प्रॅक्टिस सुरू केली आणि एक पेज काढलं. लस कधी टोचायची, गाय माजावर आलेली कशी ओळखायची, असलं साधंच लिहायचो. इथून दौंडपर्यंतचे दूधवाले शेतकरी ते वाचायचे.

त्या आठवड्यात चार गोठ्यांत एकच रडगाणं होतं. दूध एकदम घटलेलं, शेण पातळ, गाय खायला तोंड लावत नाही. चारही ठिकाणी पशुखाद्य एकाच लॉटचं. लॉट म्हणजे कारखान्यात एका वेळी भरलेला माल. त्याचा नंबर गोणीवर छापलेला असतो. गोणी उघडली की कुबट वास, आत गुठळ्या आणि हिरवट बुरशी. या बुरशीतून विष तयार होतं, त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते गाईचं लिव्हर खातं, आणि गाय गाभण असली तर पोटातलं वासरूही जाऊ शकतं. सँपल पुण्याच्या लॅबला पाठवलं होतं. निकालाला वेळ लागणार होता आणि गाई रोज खात होत्या. म्हणून मी बुरशीचा फोटो टाकला, लॉट नंबर टाकला आणि लिहिलं, हे खाद्य थांबवा, गाभण गाईला तर मुळीच घालू नका. कंपनीचं नाव नाही, दुकानदाराचं नाही.

दौंडला माझा भाचा मोबाईलचं दुकान चालवतो. त्याला फोन केला.

"मामा, अपील टाका," तो म्हणाला. अपील म्हणजे पुन्हा तपासा अशी विनंती. टाकलं. थर्मामीटर झटकून होईपर्यंत उत्तर आलं, आम्ही तपासलं, निर्णय कायम.

"इतक्यात कुणी तपासलं रे?"

"माणूस नसतोय तिथं, मामा. लय जणांनी तक्रार मारली की मशीनच उडवतंय."

"तक्रार कोण मारणार? पेज वाचणारे सगळे माझेच गिऱ्हाईक."

मी हट्टाने पोस्ट परत टाकली. मग ॲपने माझं पेजच महिन्याभरासाठी बंद केलं. त्याच संध्याकाळी त्याच ॲपने मला पशुखाद्याची जाहिरात दाखवली.

गावात खाद्य विकणारे आप्पा आणि दूध संकलन केंद्र चालवणारे आप्पा एकच. त्यांच्याकडे गेलो.

"आप्पा, तो लॉट परत पाठवा."

"लॅबचा निकाल आला का?"

"यायचाय."

"मग निकालाच्या आधीच फाशी देताय व्हय?"

"गाई आजारी पडतायत."

"गाई हवा बदलली तरी पडत्यात."

"माझी पोस्ट कुणी उडवली?"

आप्पा हसले. "तुम्हाला बोलायचं स्वातंत्र्य हाय, तसं लोकान्ला तक्रारीचं हाय. आन् ती ॲपवाली कंपनी पडली अमेरिकेची, डॉक्टर. मी हितला."

थोड्याच दिवसांत नदीकडच्या वस्तीवरून कमलमावशींचा फोन आला. मावशींचं घर दोन गाईंवर चालतं. एक भाकड, दुसरी आठव्या महिन्यात गाभण. ती गाभडली होती. मी पोचलो तेव्हा मेलेलं वासरू पोत्यावर ठेवलेलं होतं, कालवड होती. आदल्या दिवसापासून वार आत अडकलेली. वार म्हणजे वासराभोवतीचं आवरण; ते पडलं नाही तर आत कुजतं आणि गाय दगावू शकते. मी लांब हातमोजा चढवला. कोपऱ्यात त्याच लॉटची गोणी होती, निम्मी संपलेली.

"मावशी, हे घालू नका म्हणून पेजवर लिहिलं होतं मी. तुमच्या मोबाईलवर येतं ना?"

मावशी गाईच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "हिरवा फोटू हुता त्येच का? त्याची तर मीबी तक्रार केली."

"तुम्ही?"

"केंद्रावर दूध घालाया गेले तवा मशिनीवरचा गडी समद्यांचं मोबाईल मागत हुता. म्हनला, आप्पाची बदनामी चाललीय, हितं दाबा. वाचूबी दिलं न्हाई. दाबलं."

"नाही म्हणायचं होतं."

"आन् सांजच्याला फॅट किती लावली असती त्यानं?"

दुधाचा भाव फॅटवर, म्हणजे दुधातल्या स्निग्धांशावर ठरतो. फॅट मोजायचं मशीन आप्पांचं, आकडा सांगणारा माणूसही आप्पांचाच.

मग मावशींनीच विचारलं, "डॉक्टर, आता कुठं दाबलं म्हंजी ते माघारी येतंय?"

माझा हात कोपरापर्यंत गाईच्या आत होता. मला मावशींचा राग आला, खोटं कशाला सांगू. आणि तो त्यांच्यावर काढता येत नव्हता, याने जीव जास्त जळला.

घरी येऊन पेज कायमचं बंद केलं, अकाउंटही काढून टाकलं. ॲपने विचारलं, का जाताय? उत्तरंही त्यानेच दिली होती: फार वेळ जातो, फार नोटिफिकेशन येतात. गाय गाभडली, असं उत्तर त्यात नव्हतं. भाच्याने दुसऱ्या एका ॲपवर नेलं, तिथं म्हणे कोणी काही उडवत नाही. तिथे मी, भाचा आणि जुगाराच्या जाहिराती. तेही सोडलं.

पुढे लॅबचा निकाल आला. विष प्रमाणाबाहेर होतं. कागद घेऊन आप्पांकडे गेलो. त्यांनी तो नीट वाचला आणि परत दिला. "आता माल संपलाच की, डॉक्टर."

हल्ली जे सांगायचं ते गोठ्यात उभं राहून सांगतो. एका वस्तीवर सांगेपर्यंत दुसऱ्या वस्तीवर गोणी रिकामी झालेली असते. मोठ्या शहरातले लोक असले ॲप सोडताना कंपनीला शिव्या घालतात. मीही घातल्या, अजून घालतो. पण शिकलो ते वेगळंच. ज्यांच्या दुधाची फॅट दुसऱ्याच्या हातात आहे, त्यांना पोस्टीचा उपयोग नसतो. त्यांना आधी दूध घालायला दुसरं केंद्र लागतं. आणि केंद्र काढणं माझ्या डॉक्टरकीत बसत नाही.