भिंगाबाईच्या खिडकीतली अकरा उघडी पोरं

तुमच्या लेकराच्या अंगावर लाल चट्टे दिसले की तुम्ही आधी काय करता हो, नीट बघता की बोंब ठोकता? लाजू नका. एका शिवणाच्या कारखान्यात शंभर बायका आणि एक शिकलेला साहेब असताना बोंबच आधी ठोकली गेली. बघणारी निघाली एकटी, पाळणाघरातली भिंगाबाई.

भिंगाबाई हे काही तिचं जन्माचं नाव नव्हे. बावीस वर्षं ती त्याच कारखान्यात कापड तपासायची. उजेडाच्या टेबलावरून ताग्यामागून तागा सरकायचा, आणि ही हातातल्या भिंगाने सुटलेला धागा, तेलाचा डाग, रंगाचा ओघळ हेरून त्याभोवती खडूने गोल काढायची. गुडघे बोलायला लागले तेव्हा तिला मागच्या बाजूच्या पाळणाघरात बसवलं. जागा बदलली, खोड गेली नाही. सकाळी पोर हातात आलं की ती त्याला खिडकीपाशी नेऊन उघडं करायची आणि मान, काखा, जांघा, कानामागची जागा, तळहात, तळपाय सगळं पालथं घालायची. आयांना घाई. पोर आहे ते, तागा नाही, असं एखादी फटकन सुनवायची. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं: ताग्याला डाग निघाला तर परत पाठवता येतो, याला कुठे पाठवशील?

हे शहाणपण तिला फुकट मिळालं नव्हतं. तरुणपणी पुतण्याच्या अंगावर पुरळ दिसलं, तेव्हा तिने मोठ्या तोऱ्यात ते घामोळं ठरवलं, पावडर थापली आणि पोराला घरोघर मिरवून आणलं. त्या होत्या कांजिण्या. दोन-तीन आठवड्यांत निम्मी आळी अंग खाजवत बसली आणि जाऊबाईंनी वर्षभर तोंड फिरवलं. तेव्हापासून ती दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या मानगुटीवर बसली. दर वेळी एकच प्रश्न: हे तेच कशावरून? समजेपर्यंत खुर्ची सोडायची नाही.

अशी ती शिकत गेली. घामोळं घाम साचतो तिथे येतं, मानेच्या वळ्यांत, पाठीवर, मोहरीएवढं बारीक. लंगोटाखालची लाली ओलं कापड घासतं तिथे असते. पण जांघेच्या घडीतच लालभडक असेल आणि भोवती सुटे ठिपके असतील तर बुरशीचा संशय घ्यायचा. कांजिण्यांत ठिपका, पाण्याचा फोड आणि खपली एकाच अंगावर शेजारी नांदतात. गोवर आधी ताप, खोकला, गळकं नाक आणि लाल डोळे पाठवतो, मग कानामागून आणि चेहऱ्यावरून खाली उतरतो. पित्ताच्या गांधी आता इथे, तर तासाभराने तिथे. आणि एक गोष्ट ती प्रत्येक आईकडून पाठ करून घ्यायची: काचेचा स्वच्छ पेला ठिपक्यांवर दाबून आरपार बघ. लाली विरली तरी लक्ष ठेव. विरली नाही आणि अंगात ताप असेल, तर चप्पल शोधत बसू नकोस, मोठा दवाखाना गाठ.

तर एकदा बाहेरचे पाहुणे कारखाना बघायला यायचे होते. व्यवस्थापकाला बायका पाठीमागे इस्त्रीसाहेब म्हणत, कारण विजारीची घडी मोडू नये म्हणून तो खुर्चीवर अर्धाच बसायचा. त्याने पाळणाघरासाठी ताग्यावरून फाडून नव्या चादरी शिवून घेतल्या आणि वर हुकूम सोडला की धुवायच्या नाहीत, चमक जाते. नव्या कापडावर कडकपणासाठी काय काय मारलेलं असतं, ते कालची नवशिकी पोरगीही सांगेल. साहेबाने कापड विकलं होतं, कधी धुतलं नव्हतं. भिंगाबाई दोनदा भांडली. तिसऱ्यांदा भांडायच्या ऐवजी फणकारली: साहेबाच्या चादरी, साहेब जाणे. तिची चूक झाली ती इथे. राग तिचा, आणि त्यावर निजायचं पोरांनी.

तिसऱ्या दिवशी दुपारची झोप झाली आणि बारापैकी अकरा पोरं लाल चट्टे घेऊन उठली. इस्त्रीसाहेबाने नाकाला रुमाल लावून दाराबाहेरूनच निदान केलं: गोवर. पाळणाघर आजपासून बंद, आयांनी पोरं घेऊन घरी जावं. मागे एकदा असंच बंद झालं होतं, तेव्हा चार बायका परत आल्या तर त्यांच्या मशिनवर दुसऱ्याच बसलेल्या. जिला सगळे चिमणी म्हणत अशा एका दोन वर्षांच्या पोरीची आई तर दारातून हलेचना. तिच्या घरी पोर सांभाळायला भिंतीशिवाय कोणी नव्हतं.

डॉक्टरीणबाईंना निरोप गेला होता, त्या तासाभरात येणार होत्या. तेवढा तास भिंगाबाईने मागून घेतला, म्हणजे दारात आडवी उभी राहिली. मग अकराच्या अकरा पोरांना खिडकीच्या उजेडात उघडं केलं. थर्मामीटर फिरला, पेला फिरला. एका पोराने पेला चाटला, दुसऱ्याने त्यातून तिच्याकडे बघून जीभ काढली. दहा पोरांना ताप नव्हता, खोकला नव्हता, पेल्याखाली लाली विरत होती. पण तिची नजर अडली ती गालांवर. चिमणीचा डावा गाल लाल, शेजारी निजणाऱ्या ठोंब्या पोराचा उजवा. कोणतं पोर कोणत्या कुशीवर झोपतं हे तिला पाठ होतं, आणि ज्या कुशीवर पोर निजायचं तोच गाल पेटलेला. बाह्या लांब तिथे हात कोरे. बारावं पोर, जे आईची जुनी ओढणी अंथरल्याशिवाय डोळा मिटत नसे, ते मजेत अंगठा चोखत होतं.

तेवढ्यात तिला दिसलं की साहेब बोलता बोलता मान खाजवतोय. पाहुण्यांसाठी त्याने चादरींच्याच ताग्यातला सदरा शिवून घेतला होता.

"साहेब, कॉलर जरा खाली घ्या," भिंगाबाई म्हणाली.

त्याने घेतली. गळ्याभोवती लाल पट्टा, जणू खडूने आखलेला.

"गोवर तुम्हालाही झाला म्हणायचा. मग तुम्हीही घरी बसा, पाहुण्यांना आम्ही बघतो."

मागे जमलेल्या बायका अशा हसल्या की पोरं दचकून रडायला लागली. डॉक्टरीणबाईंनी येऊन तेच सांगितलं: कापडावरच्या औषधाने आलेले चट्टे, चादरी काढा आणि दोन-तीन पाण्यांतून धुवा. पाळणाघर उघडं राहिलं. साहेब पाहुण्यांसमोर धुवट सदऱ्यात वावरला.

आता अकरावं पोर. त्याच्या तळहातांवर, तळपायांवर आणि तोंडात सकाळी नसलेले बारीक फोड होते, अंगात कणकण होती, लाळ गळत होती. हे चादरीचं काम नव्हे. कुणी विचारलंही नसतं, कारण दहांच्या घोळक्यात ते सहज खपून गेलं असतं. ती पोर भिंगाबाईची सख्खी नात. डॉक्टरीणबाई दारात येताच तिने नातीलाच आधी पुढे केलं आणि आपल्या तोंडाने सांगितलं की ही वेगळी आहे, हे लागणीचं वाटतं. हात-पाय-तोंडाचाच आजार निघाला. नातीची रवानगी घरी, आणि तिची आई, म्हणजे याच कारखान्यात शिवणारी भिंगाबाईची लेक, हिचीही मशीन सुटली ती आठवडाभर.

लेक फणफणली. "आई, तुझ्याच हातात होतं. जरा झाकलं असतंस तर?"

"तुझ्यासाठी झाकलं असतं, तर उद्या चिमणीच्या आईने माझ्या डोळ्यावर का विसंबावं?"

लेक चार दिवस अबोला धरून बसली. पाचव्या दिवशी नातीने दूध मागितलं आणि घरात बोलणं सुरू झालं. मशीन मात्र कुणाला दिली गेली नाही. दुसरी बसायला आली की आजूबाजूच्या बायका तिच्याकडे टक लावून बघायच्या, ती आपोआप उठायची.

आता तुमच्याशी बोलते. तुमच्याही लेकराला दिवसभर कुणीतरी सांभाळत असेल. आज संध्याकाळी त्या बाईपाशी दोन मिनिटं थांबा, पोराच्या अंगावर आज काय दिसलं ते विचारा, आणि ती सांगेल ते मधे न तोडता ऐकून घ्या.