टोरीच्या तेलाचा क्लच

सुनेनं आज चुलीजवळ मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, गोठलेलं तेल पातळ व्हायला ठेवलं, आणि त्या कडवट वासानं मला एटापल्लीकडच्या एका थंड सकाळी नेलं.

पोरगी तापानं फणफणली होती. दवाखान्यात न्यायला बायको तिला घेऊन मोटरसायकलवर मागं बसली. मी किक मारली, पण दाबलेला क्लच परत सुटेच ना. आदल्या दिवशी मीच त्याच्या तारेत हे तेल सोडलं होतं. मेकॅनिक कशाले पाहिजे, असा माझा तोरा.

"तेल गोठलं असन, तारेले शेक द्या," बायको म्हणाली.

"गाडी तुले समजते का मले?"

तास झाला तरी मी क्लचचा स्क्रूच फिरवत होतो. पोरीचे डोळे पांढरे व्हायला लागले.

"गाडी तुमाले समजते, तेल मले समजते," म्हणत तिनं पोरगी माझ्या हाती दिली. अंग नुसतं भाजत होतं. चुलीवर तापवलेलं फडकं तिनं तारेभोवती गुंडाळलं, आणि क्लच सुटला.

पोरगी वाचली. आता तिलाच लेकरं आहेत. त्या दिवशी उशीर कशानं झाला असं कुणी विचारलं, की मी अजून थंडीचं नाव सांगतो. बायको चुलीकडं पाहते.