आल्बेनच्या मुठीतला दात

गोबेर शिकलगाराइतका अपराधी चेहरा आमच्या वाल्रेमी गावात दुसऱ्या कोणाचाच नाही. गावात पाव चोरीला गेला की लोक आधी त्याच्याकडे बघतात, आणि तो बिचारा लगेच लाल होतो. पाव माझ्या भट्टीतले असतात, म्हणून खात्रीने सांगतो, त्याने माझा कधी चतकोरही उचललेला नाही. त्याने आयुष्यात चोरला तो एकच दात. तोही स्वतःच्या बायकोचा.

सरदार गिलेमारांच्या घराण्याची तलवार म्हणजे आल्बेन. भाटांचं ऐकाल तर तिने त्यांच्या आजोबांच्या हातून राक्षस चिरला, राक्षसाखालचा घोडा चिरला, आणि घोड्याखालचा पूल वाचला तो केवळ आजोबांनी वेळीच हात आवरला म्हणून. हे सगळं बळ मुठीच्या टोकाच्या पोकळ गोळ्यात होतं. त्यात संत ओदेबर्त यांचा दात होता. सरदार रोज सकाळी त्या गोळ्याचं चुंबन घेत, मगच न्याहारीला बसत.

एका वसंतात मूठ खिळखिळी झाली आणि तलवार गोबेरकडे आली. त्याने गोळा उघडला, दात बशीत ठेवला, क्रूसाची खूण केली आणि हातोडी घ्यायला वळला. परत बघतो तर बशीपाशी त्याची तपकिरी कोंबडी मान उंच करून काहीतरी गिळत होती.

कोंबडी कापली. पोटात खडे निघाले, एक काचेचा मणी निघाला, दात नाही. मग त्याला वाटलं, ती तपकिरी नसेल, पांढरी असेल. पांढरीही कापली. मग ठिपक्यांची. त्या आठवड्यात आमच्याकडे रोज वाडगाभर रस्सा येत होता, आणि मी आपला म्हणत होतो, शेजारी असावा तर असा!

आता त्याची बायको हर्सांद. न्यायाच्या दिवशी सगळे थडग्यातून उठतील तेव्हा आपण बोळक्या तोंडाने उठायचं नाही, असा तिचा निश्चय. देवाशी तिला बरंच बोलायचं होतं. म्हणून पडलेला प्रत्येक दात ती एका थैलीत घालून चुलीवरच्या खुंटीला टांगून ठेवी. गोबेरने त्या थैलीतली एक दाढ उचलली, घासूनपुसून चकचकीत केली आणि गोळ्यात बंद केली. सरदारांनी चुंबन घेतलं आणि ते म्हणाले, "गोबेर, आज संतांचं तेज काही निराळंच आहे!"

गोबेर लाल झाला तो तेव्हापासून.

पुढे सुगी आटोपता आटोपता गावातल्या आमेलीनवर बालंट आलं. नवरा नुकताच गेलेला, आणि दीर म्हणू लागला की हिनेच विष घातलं. साक्षीदार कोणी नाही, तेव्हा निवाडा द्वंद्वाने करायचा ठरला. तिच्या बाजूने, दिराविरुद्ध, गिलेमार उभे राहिले. ते पडले तर आमेलीनला जाळणार होते.

द्वंद्वाच्या दिवशी सकाळी गोबेरचा चमचा वाडग्यात नुसताच फिरत होता. आमची भिंत एकच, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"अहो, पेज का निववताय?"

"हर्सांद, सरदारांच्या मुठीत संत नाहीत."

"मग कोण आहे?"

"तू आहेस."

मग थैली खाली आपटल्याचा आवाज, आणि मग ती किंचाळली, "माझी खालची दाढ! अहो, दुसरं काही मिळालं नाही चोरायला?"

"मी आत्ताच जाऊन सरदारांना सांगतो."

"सांगा ना. त्यांचा हात लटपटेल, ते मरतील, ती पोर जळेल. तुमचं मन तेवढं हलकं होईल!"

"मग मी करू तरी काय?"

"त्या संताला काही पत्ताच नाही. आज माझ्या दाढेच्या भरवशावर माणूस लढतोय. मलाच जायला हवं. माझं डोक्याचं फडकं द्या."

मैदानाच्या कुंपणाशी तिने गुडघे टेकले. प्रार्थना पहिल्या वारापर्यंत टिकली. पुढे नुसत्या सूचना होत्या. "ढाल वर! वर म्हणते ना!" गिलेमार अडखळून एका गुडघ्यावर आले. गोबेरने तोंड झाकून घेतलं. पलीकडे बांधून ठेवलेल्या आमेलीनने डोळे मिटले. तेवढ्यात हर्सांद कडाडली, "उठा, सरदार! दात काय झोपा काढायला दिलाय?"

ते उठले, आणि दुसऱ्याच वाराला समोरचा आडवा झाला. आमेलीन स्वतःच्या पायांनी घरी गेली. त्या वेळी संतांचा आवाज कानी आला, असं सरदार पुढे सगळ्यांना सांगू लागले. "थोडा चिडक्या बाईसारखा होता, पण स्पष्ट."

नवस फेडायला त्यांनी आल्बेन देवळात दिली. आता दर रविवारी मूठ चुंबायला रांग लागते आणि सगळ्यात पुढे आमेलीन असते. गोबेर मला भट्टीपाशी म्हणाला, "ती जिवंत आहे म्हणून बरं वाटतं रे. पण ती तिथे ओठ टेकते ना, तेव्हा वाटतं ओरडून सांगावं. आणि सांगितलं तर निवाडाच खोटा ठरवून लोक पुन्हा तिच्यावर उलटतील. हर्सांदचीही दाढ कायमची गेली."

दुसऱ्या दिवशी तो गावाचे दात उपटून देणाऱ्या लोहाराकडे गेला आणि तोंड उघडून त्याने एका दाढेवर बोट ठेवलं. लोहार म्हणाला, "ही तर धडधाकट आहे." गोबेर म्हणाला, "म्हणूनच."

सुजलेल्या गालाने त्याने ती हर्सांदच्या हातावर ठेवली. तिने उलटसुलट करून पाहिली.

"धडधाकट दाढ उपटून घेतलीत?"

"हं."

"वेडे आहात का?" ती म्हणाली. पण दाढ थैलीत टाकली, आणि पेज पातळ करून त्याच्यापुढे सरकवली. मग काही वेळाने म्हणाली, "आणि तो बिचारा संत? तो कोणतं तोंड घेऊन उठणार?"

गोबेरच्या घरी आजही कोंबडी कापली की तिचं पोट तो कोणाला उघडू देत नाही. खिडकीशी उजेडाला बसतो आणि एकेक खडा बोटांनी चाचपत राहतो.