होडीचा वाटा

ठाण्यात खोपटच्या स्टँडवर एसटीतून उतरले, तर दादा आणि निमी माझ्याआधीच येऊन भांडत होते. आधी मोहने की आधी बाळकुम, यावर. आई गेल्यापासून आम्ही तिघं भावंडं असे एकत्र निघालोच नव्हतो. दादा नाशकात, निमी पुण्यात, मी कोल्हापुरात. फोन होतात, पण फोनवरच्या भांडणाला चव नसते.

मोहने जिंकलं. तिथल्या रेयॉनच्या कारखान्याच्या वसाहतीत आम्ही वाढलो. बाबा युनियनचे. जेवणं उरकली की ताटांच्या जागी पत्रकांचे गठ्ठे यायचे आणि आम्ही तिघं घड्या घालायचो. ‘एकजूट’ हा शब्द मला ‘कमळ’च्या आधी वाचता आला. आता फाटकाला कुलूप होतं आणि आत झुडपं माजली होती. रखवालदार आत सोडेना. इथे आमच्या बापाचा घाम सांडलाय, वगैरे मी त्याला ऐकवू लागले, तशी निमीने दंडाला धरून मला बाजूला नेलं. म्हणाली, “ताई, त्याला त्याची नोकरी करू दे ना.” मग आम्ही भिंतीबाहेरूनच आमच्या खोलीची खिडकी शोधली. तिघांनी तीन वेगळ्या खिडक्या दाखवल्या. कुणीच माघार घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी येऊरचा डोंगर चढलो. थंडी होती, वाळक्या पानांवर पाय घसरत होते आणि दादाचं पोट हल्ली त्याच्या पुढे चालतं. पाड्याजवळ एका बाईकडून आवळे घेतले. कॉलेजात असताना इथे माझी मैत्रीण वैशूही असायची. वैशू बाळकुमच्या कोळ्यांची. आता ती एका लॅबमध्ये रक्त तपासते आणि रविवारी वडिलांची, म्हणजे आमच्या काकांची, होडी घेऊन खाडीत जाते, कारण त्यांचे गुडघे गेलेत. वरून टॉवरांच्या फटीतून खाडीची एक चकाकती चिरी दिसली. त्या काठावरून रस्ता जाणार आहे. होड्या बांधायला जागा उरणार नाही. काका होडी मोडायला काढतायत, असं वैशू फोनवर म्हणाली होती. मी ते होऊ देणार नव्हते. पत्रक लिहून पिशवीत आणलं होतं.

रविवारी बाळकुमला गेलो. काका ओट्यावर जाळं शिवत होते. “आलीस गो बाय?” एवढंच म्हणाले आणि सरकून जागा दिली.

या घरची एक रीत मला पहिल्यापासून आवडते. मासळी आली की वाटे पडतात. राबणाऱ्या प्रत्येकाला एक, जाळ्याला एक आणि होडीला एक. होडीचा वाटा कुणी खायचा नाही. तो विकून तिचं डांबर, खिळे, दोर. मी पहिल्यांदा हसले होते, तेव्हा काका म्हणाले होते, तीपन राबते, तिला उपाशी ठेवायची काय? माझ्या बाबांच्या सगळ्या पत्रकांचा अर्थ मला त्या दिवशी लागला.

सुकती (ओहोटी) लागायच्या आत वैशूने आम्हाला खाडीत नेलं. जाळं ओढताना माझे तळवे सोलले. परत येताना निमी चिखलात रुतली, तिला काढायला दादा उतरला आणि स्वतःच बसला. वैशू म्हणाली, याला चिंबोरीच्या (खेकड्याच्या) भावात विकूया. चपला चिखलाने ठेवून घेतल्या त्या घेतल्याच.

त्याआधी, पाण्यावर असतानाच, मी तिला पत्रक दिलं होतं. वल्हं मांडीवर ठेवून तिने ते शेवटपर्यंत वाचलं आणि आमच्यासारखीच नीट घडी घातली.

“चांगलं लिहिलंयस. वाटूया आपण. रस्त्याचं भांडण मी सोडत नाहीये.”

“मग होडी?”

“वल्हव आता, पाणी उतरतंय.”

ओट्यासमोर तिने वाटे मांडले. काकांचा, तिचा, आम्हा तिघांचा मिळून एक, जाळ्याचा, होडीचा. बोईट, थोडी कोलंबी, चार चिंबोऱ्या. मासळी कमीच होती. मग होडीचा ढीग तिने दोन्ही हातांनी उचलला आणि दादाच्या डब्यात भरला. काकांनी बघितलं आणि मान वळवून जाळं आवरायला घेतलं.

“वैशू, हा होडीचा आहे.”

“माहितेय. तिला आता डांबर कशाला लागतंय?”

आम्ही तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण जेवलो. निघताना मी बंदरापर्यंत गेले आणि होडीच्या काठावर हात ठेवून उभी राहिले. लाकूड उन्हाने गरम होतं.

खोपटला बर्फ घालून आम्ही त्या वाट्याचे तीन भाग केले आणि तीन गाड्यांत बसलो. कंडक्टरने नाक मुरडलं, पण डबा सीटखाली ठेवू दिला. घरी पोचून मी बोईट तळले. खाताना वाटत होतं, नको, थोडे ठेवू या. पण मासे ठेवून राहत नाहीत.

पत्रक आता छापायला गेलंय. वैशूने फोन करून एकच दुरुस्ती सांगितली. ‘आमच्या होड्या’ होतं, तिथे ‘उरलेल्या होड्या’ कर, म्हणाली.